पासवर्ड भाऊसाहेबांना विचारा

विद्यापीठात दोन गोष्टी गोपनीय मानतात: प्रश्नपत्रिका आणि पासवर्ड. पहिलीचं काय होतं ते परीक्षेच्या हंगामात वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. दुसऱ्याची बातमी होत नाही, कारण तो कुणाला फोडावाच लागत नाही. कुठल्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन "परीक्षा विभागाचा मेल उघडायचाय" एवढं म्हणून बघा. भाऊसाहेब मान वर न करता सांगतील, "मॉनिटरच्या मागं चिठ्ठी आहे. सगळ्यात खालचा घ्या, वरचे खोडलेत."

ती चिठ्ठी बघण्यासारखी असते. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानातून फाडलेली, चारी बाजूंनी सेलोटेप, सेलोटेपखाली अडकलेला एक केस. वर ठळक अक्षरांत 'गोपनीय', खाली दोन रेघा. मग ओळीनं: एक्झाम ॲट १२३, खोडलं. एक्झाम ॲट १२३४, खोडलं. एक्झाम ॲट १२३४५. प्रत्येक खाडाखोडीपुढं तारीख आणि आद्याक्षरं, कारण कार्यालयात खाडाखोड केली की सही लागतेच. यापुढचा पासवर्ड काय असेल हे सांगायला हॅकर कशाला हवा? बालवाडीतलं पोर सांगेल.

यात भाऊसाहेबांचा दोष नाही. दर ९० दिवसांनी संगणक विभागाचा फतवा येतो: पासवर्ड बदला, नाहीतर खातं बंद. किमान आठ अक्षरं, त्यात एक मोठं, एक छोटं, एक अंक, एक चिन्ह. मागचे पाच चालणार नाहीत. नावाचा भाग नको. भाऊसाहेबांकडं परीक्षेचा मेल, शिष्यवृत्तीचं पोर्टल, पगाराचं पोर्टल, प्रवेशाचं पोर्टल, शिवाय साहेबांचा वैयक्तिक मेल आणि साहेबांच्या घरचं वीजबिल. एवढ्यांसाठी दर तीन महिन्यांनी नवी रचना करायला ते काही पंतकवी नाहीत. ते एक आकडा वाढवतात. तुम्हीही तेच करता.

हे अमेरिकेत मोजूनही झालंय. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्याच विद्यापीठातली बंद झालेली ७,७०० हून अधिक खाती घेतली. त्यांचे ओळीनं बदललेले जुने पासवर्ड जपून ठेवलेले होते. प्रश्न साधा: मागचा पासवर्ड कळला तर पुढचा किती वेळात सापडतो? १७ टक्के खाती पाचपेक्षा कमी प्रयत्नांत उघडली, म्हणजे 'खातं लॉक झालं आहे' ही पाटी लागायच्याही आधी. ४१ टक्के पासवर्ड संगणकानं तीन सेकंदांच्या आत ओळखले. हा निबंध २०१० सालचा. ९० दिवसांचा फतवा काढणाऱ्यांनी तो वाचलेला नसावा. वाचायचा तर ग्रंथालयाच्या खात्यात लॉगिन करावं लागतं.

बरं, हा नियम आला कुठून? अमेरिकेच्या 'निस्ट' या प्रमाणीकरण संस्थेनं २००३ साली पासवर्डांबद्दल मार्गदर्शिका काढली. बिल बर नावाच्या अधिकाऱ्यानं ती लिहिली. मोठं अक्षर, छोटं अक्षर, चिन्ह, ठरावीक काळानं बदल, हे सगळं तिथून जगभर पसरलं. निवृत्त झाल्यावर, २०१७ साली, याच बर महाशयांनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनं सल्ला फिरवला: कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका. २०२५ च्या नव्या आवृत्तीत तर सरळ मनाई आहे. ठरावीक मुदतीनं बदल लादायचा नाही, चिन्हांची सक्ती करायची नाही. लांबी वाढवा, आणि पासवर्ड फुटल्याचं कळलं तरच बदलायला लावा. मायक्रोसॉफ्टनंही २०१९ साली विंडोजच्या आपल्या शिफारशींमधून मुदतीची अट काढून टाकली. म्हणजे ज्यानं नियम लिहिला त्यानं कान धरले, ज्या संस्थेनं छापला तिनं तो मागं घेतला, आणि आपल्याकडं तो अजून चालू आहे. साहजिक आहे. आपल्याकडं परिपत्रक काढायला एक सही लागते. रद्द करायला समिती.

विद्यापीठ आणि पासवर्ड यांचं नातं तसं जुनं. पासवर्डचा संगणकाशी संसार सुरू झाला तोच विद्यापीठात. १९६१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटानं एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली. तिचं नाव सीटीएसएस. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, प्रत्येकाला तास ठरलेले. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. वर्षभरातच, १९६२ मध्ये, ॲलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनासे झाले. त्यानं शुक्रवारी रात्री उशिरा पंचकार्डावर विनंती टाकली की अमुक एक फाइल छापून मिळावी. ती फाइल सगळ्यांच्या पासवर्डची. शनिवारी पहाटे छापील यादी ठरल्या कपाटात तयार होती. हा गेला आणि घेऊन आला. कुणी विचारलं नाही, कुणी आवक-जावक क्रमांक टाकला नाही. पुढं कित्येक वर्षांनी त्यानं स्वतःच हे सांगून टाकलं. १९६६ मध्ये त्याच यंत्रणेत दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. मधल्या काळात, १९६५ साली, तिथल्याच दोघांनी एकमेकांना निरोप ठेवायची 'मेल' नावाची सोय लिहिली होती. तेव्हा विद्यापीठाचा मेल, विद्यापीठाचा पासवर्ड आणि तो पळवणारा पीएचडीचा विद्यार्थी, तिघंही एकाच यंत्रावर घडलेले. उगाच भाऊसाहेबांच्या चिठ्ठीला नावं ठेवू नयेत. खुद्द कोर्बातोंनी म्हातारपणी कबूल केलं की पासवर्ड हे आता दुःस्वप्न झालंय, आणि आपणही आपल्या पासवर्डांचं टाचण करून ठेवतो.

पीएचडीच्या विद्यार्थ्यानं ही परंपरा आपल्याकडं आणखी पुढं नेली. आपल्याकडं त्याला पासवर्ड चोरावाच लागत नाही. नोंदणीनंतर पहिल्या आठवड्यात गाइड स्वतः बोलावून देतात. "अरे, माझा मेल बघत जा रे जरा. महत्त्वाचं काही असलं तर सांग." इथून पुढं सरांची संगणकीय कारकीर्द तोच सांभाळतो. परिषदेचं निमंत्रण तोच स्वीकारतो, जर्नलकडून परीक्षणाला आलेला निबंध तोच तपासतो, आणि कडक शेरेही मारतो, कारण सरांच्या नावानं का होईना, आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाला तरी झापायला मिळालेलं असतं. स्वतःच्या रजेचा अर्ज तो सरांच्या मेलवर पाठवतो, मग सरांच्या मेलमध्ये शिरून स्वतःलाच 'मंजूर' असं कळवतो. कामकाज इतकं पारदर्शक आणि वेगवान मंत्रालयातही नसेल.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आता यात अप्रामाणिक कोण? वापरणारा तर हुकमाचा ताबेदार. 'बघत जा रे जरा' या वाक्याची तरतूद कायद्यात नाही. ती विद्यापीठाच्या अध्यादेशात घालायला हवी.

अर्थात, हे ज्यांच्याकडं विद्यापीठाचा मेल आहे त्यांचं झालं. असंख्य महाविद्यालयांचा अधिकृत मेल अजून जीमेलवरच आहे. देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी 'एसी डॉट इन' आणि 'एज्यु डॉट इन' हे पत्ते देणारी अर्नेट ही सरकारी संस्था आहे. अर्नेट १९८६ सालापासून सुरू आहे. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या कितीतरी आधी मुंबईतली एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी या जाळ्यावरून मेलची देवाणघेवाण करत होत्या. म्हणजे शिक्षणसंस्थांना चांगली काही वर्षांची आघाडी होती. तिचा उपयोग आपण असा केला की महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, बोधचिन्हाच्या आणि 'स्थापना १९६२' च्या खाली, प्राचार्यांचं नाव, त्यापुढं त्यांच्या गाडीचा नंबर आणि शेवटी जीमेल डॉट कॉम.

प्राचार्य सेवेत आहेत तोवर याचं काही वाटत नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, सत्काराला उत्तर, ग्रुप फोटो, सगळं साग्रसंगीत होतं. कपाटांच्या किल्ल्यांची यादी होते, खुर्च्या मोजल्या जातात, डेडस्टॉक रजिस्टरवर सह्या होतात. नॅकचा सगळा पत्रव्यवहार, शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं प्राचार्यांचं लॉगिन, विद्यापीठाची परिपत्रकं ज्या मेलवर येतात, तो मेल तेवढा कुणाच्या यादीत नसतो. तो प्राचार्यांबरोबर घरी जातो. तिथून मुलीकडं न्यू जर्सीला.

मग एका संध्याकाळी, अर्ज मंजूर करायच्या शेवटच्या दिवशी, भाऊसाहेब तिकडं सकाळ व्हायची वाट बघत बसतात. फोन लागतो.

"सर, नमस्कार करतो. झोपमोड झाली का?"

"नाही हो भाऊसाहेब, चहाच घेतोय. तुम्ही अजून कॉलेजातच? काय म्हणतंय आपलं कॉलेज?"

"तुमच्या मागं मजा नाही, सर. सर, एक ओटीपी आलाय का बघता?"

"थांबा, चष्मा शोधतो... हां. आलाय. लिहून घ्या. चार, सात... का एक? थांबा हं. अगं, हा सात आहे का एक?"

नातीनं सात असल्याचा निर्वाळा देईपर्यंत दहा मिनिटं उलटलेली असतात. ओटीपी बाद. "सर, परत पाठवतो." पलीकडं प्राचार्य, इकडं दारात उभे असलेले पंधरा-वीस विद्यार्थी, ज्यांचे अर्ज या सहा आकड्यांवर अडलेत. त्यांतल्या एकाचा बाप रोजंदारी बुडवून कागदपत्रं घेऊन आलेला. त्याला कुणी सांगितलेलं नाही की त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती सध्या न्यू जर्सीत चष्मा शोधतेय.

तेही प्राचार्यांनी इथलं सिम चालू ठेवलंय म्हणून. रिचार्ज संपला आणि नंबर कंपनीकडं परत गेला, तर किमान ९० दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत; त्यानंतर देऊ शकतात. म्हणजे संगणक विभागाचा पासवर्ड आणि प्राचार्यांचा मोबाइल नंबर, दोघांची मुदत एकच. पुढच्या वर्षी महाविद्यालयाचा ओटीपी बार्शीच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराला जाईल, आणि तो बिचारा आपल्याच बँकेचा समजून घाबरून फोन बंद करेल.

नव्या विद्यार्थ्याला खातं मिळतं तेव्हा पासवर्ड म्हणून जन्मतारीख दिलेली असते. 'पहिल्या लॉगिननंतर बदलावा' अशी बारीक सूचना खाली असते, आणि निम्मी मुलं पहिलं लॉगिनच करत नाहीत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचे वाढदिवस केकसकट साजरे होतात, तेव्हा हा पासवर्ड वर्गाला पाठ असतो. प्राध्यापकांचं याहून सोपं. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला झालाय. आई सांगते श्रावणातला, पण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजींनी दाखल्यावर घाईत तीच तारीख टाकली. त्या पिढीतले बरेच जण शिकले, शिकवू लागले, विभागप्रमुख झाले. आता विद्यापीठानं त्यांच्या खात्याला जन्मतारखेचं कुलूप लावलंय. शून्य एक, शून्य सहा, आणि साल. सालासाठी सेवाज्येष्ठता यादी आहेच. ती विभागाच्या फलकावर लावलेली असते.

एवढं झाल्यावर खरा चोर आलाच, तर तो कसा ओळखायचा? त्याचा मेल येतो: 'प्रिय वापरकर्ता, तुमचा मेलबॉक्स भरला आहे. २४ तासांत पासवर्ड पडताळला नाही तर खाते कायमचे बंद होईल. येथे क्लिक करा.' तज्ज्ञ सांगतात की अशा मेलमध्ये घाई असते, धमकी असते, भाषा अशुद्ध असते, पाठवणाऱ्याचं नाव नसतं. विद्यापीठाच्या संगणक विभागाचा खरा मेल बघा. त्यात घाई असते, धमकी असते, भाषा अशुद्ध असते, आणि खाली 'आदेशावरून' एवढंच. दोन्ही शेजारी ठेवले तर चोराचा जरा नम्र वाटतो. तो निदान 'प्रिय' म्हणतो.

मेलबॉक्स भरल्याची धमकी मात्र आता खरी व्हायला लागलीय. गुगलनं शिक्षणसंस्थांना २०१४ पासून हवी तेवढी जागा फुकट दिली होती. संस्थांनी भरभरून घेतली. वार्षिक स्नेहसंमेलनाचे आठ-आठ तासांचे व्हिडिओ तिथं विसावले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं जाहीर केलं की पुरे झालं. २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट. ऐकायला अगडबंब आकडा. पण ५० हजार खाती असली तर माणशी जेमतेम २ जीबी. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही जीमेलची १५ जीबी फुकट मिळते. कुलगुरूंचा सत्कारसमारंभ पुसायचा की माजी विद्यार्थी पुसायचे, असा पेच पडल्यावर काय झालं हे सांगायला नको. अमेरिकेतही अनेक विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांना दिलेला 'मेल जन्मभर तुमचाच' हा शब्द गिळला.

पत्ता बदलणं किती जिवावर येतं हे विद्यापीठांना स्वतःला चांगलं ठाऊक आहे. पुणे विद्यापीठाचं २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तरी त्याचा इंटरनेटवरचा पत्ता अजून 'युनिपुणे'च आहे. ते योग्यच. छापील कागदपत्रं, जुन्या लिंका, जगभरचे संपर्क, सगळं एका रात्रीत बदलता येत नाही. मात्र पदवी घेतलेल्या पोरानं त्याचं सगळं महिन्याभरात बदलावं अशी अपेक्षा असते. तेही कळवलं तर. बहुतेक ठिकाणी खातं बंद होणार ही सूचना त्याच खात्यावर पाठवतात, आणि ज्याला ती वाचायची असते तो तोवर हिंजवडीत किंवा म्युनिकमध्ये दुसऱ्या मेलवर जगत असतो.

आणि मग एक दिवस त्याला ते खातं हवं असतं. ट्रान्सक्रिप्टची पावती त्यात असते, शिफारसपत्रांचा पत्रव्यवहार त्यात असतो. विद्यार्थी सुविधा केंद्राच्या खिडकीवर घडणारा संवाद एकदा तरी उभं राहून ऐकावा.

"सर, माझा विद्यापीठाचा मेल बंद झालाय. परत चालू करून मिळेल का?"

"मिळेल ना. अर्ज करा."

"हा आणलाय."

"कागदी नाही चालत आता, मॅडम. सगळं ऑनलाइन झालंय. मेलवरून पाठवा."

"बरं. पत्ता द्या, आत्ता पाठवते."

"विद्यापीठाच्याच मेलवरून पाठवायचा हं. बाहेरच्या मेलवरून आलेला अर्ज ग्राह्य धरत नाही. सुरक्षेचा प्रश्न असतो."

"पण सर, तोच बंद आहे."

"हो, म्हणून तर अर्ज करायचा."

खिडकीतला माणूस दुष्ट नसतो. त्याला नियम दिलाय आणि तो पाळतोय. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घ्यायचं, हा संगणकीय सुरक्षेतला आपला मौलिक शोध त्याच्या टेबलावर राबवला जातो एवढंच. 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक करा. 'नवा पासवर्ड तुमच्या विद्यापीठाच्या मेलवर पाठवला आहे' असं उत्तर येतं. ज्या कुणी हे लिहिलं त्याला आयुष्यात काही विसरायला झालं नसावं.

यात गमतीपलीकडचं नुकसान आहे, आणि ते संशोधकांचं आहे. निबंध छापून येतो तेव्हा पत्रव्यवहारासाठी लेखकाचा मेल खाली छापतात. बहुतेकदा विद्यापीठाचा, कारण जर्नलवाल्यांना तोच भरवशाचा वाटतो. निबंध ग्रंथालयात पन्नास वर्षं राहतो. मेल पीएचडीच्या तोंडी परीक्षेनंतर सहा महिनेही टिकेल याची खात्री नसते. गडचिरोलीतल्या भातावर किंवा कोकणातल्या कातळशिल्पांवर कुणी जीव ओतून काम केलेलं असतं. दहा वर्षांनी जपानमधला कुणी अभ्यासक मूळ नोंदी मागायला त्या पत्त्यावर लिहितो. उत्तर यंत्राकडून येतं: असा वापरकर्ता अस्तित्वात नाही. जिवंत, कमावता, नोंदी कपाटात नीट लावून ठेवलेला माणूस विद्यापीठानं अस्तित्वात नाही असं जाहीर केलेलं असतं.

माझ्या मते दोष पासवर्डचा नाही, मालकीचा आहे. विद्यापीठ खातं देताना उपकाराच्या भावनेनं देतं, चालवताना कुणाचंच नसल्यासारखं चालवतं, आणि बंद करताना मालकासारखं बंद करतं. एवढ्या मोठ्या आवारात खुर्चीला नंबर आहे, पंख्याला नंबर आहे, कुंडीला नंबर आहे. परीक्षा विभागाचा मेल कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारल्यावर मात्र चार माणसं एकमेकांकडं बघतात. प्राचार्य, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक यांचे मेल पदाच्या नावानं असावेत आणि पदभार देताना किल्ल्यांबरोबर त्यांचाही ताबा सही घेऊन द्यावा, याला पैसे लागत नाहीत. ९० दिवसांचा फतवा मागं घ्यायलाही लागत नाहीत. विद्यार्थ्याचं खातं बंद करण्याआधी सहा महिने त्याच्या खासगी मेलवर आणि मोबाइलवर कळवायला थोडे लागतील. दीक्षान्त समारंभाच्या मांडवातून निघतील.

तोवर शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी आपलं आपण बघावं. गुगलवरचं खातं असेल तर 'टेकआउट' नावाच्या सोयीनं सगळे मेल आणि फायली उतरवून घेता येतात. आउटलुकवर असेल तर महत्त्वाचे मेल तरी पुढं पाठवून ठेवा. डिजिलॉकर, बँक, नोकरीच्या साइटी, जिथं जिथं विद्यापीठाचा पत्ता दिलाय तिथं आपला खासगी पत्ता घाला. संशोधन करणाऱ्यांनी ऑर्किड या संशोधकांना कायमचा क्रमांक देणाऱ्या साइटवर खातं काढून त्यात दोन्ही मेल नोंदवावेत. तो क्रमांक संस्था बदलली तरी बदलत नाही. पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर वापरा. दुसऱ्या पायरीसाठी मोबाइल नंबरपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं. पीएचडी करणाऱ्यांनी सरांचा पासवर्ड सरांना आठवणीनं परत द्यावा. कुठं लिहून ठेवलाय तेही सांगावं. आणि हे सगळं आज रात्रीच उरका. उद्या सर्व्हर देखभालीसाठी बंद असतो.